शेपटी पुसटलेला पक्षी

— ...आणि वर म्हणते कशी, "मावशी, फार स्वच्छ झालंय हो काम." स्वच्छ! म्हणजे आता नीटनेटकं करणं हासुद्धा गुन्हा.

— दुकानदारीणबाई असं म्हणाल्या?

— मग काय मी मनाने सांगतेय? माझी चोवीस शुभेच्छाकार्डं काउंटरवर पसरून ठेवली होती. म्हणाली, गिऱ्हाइकं हातात घेतात, उलटून बघतात आणि म्हणतात ही छापलेली आहेत, मशीनची. हाताने केलेल्यासारखी दिसत नाहीत.

— अगं, म्हणजे ती एक प्रकारे तारीफच...

— तारीफ कसली डोंबलाची? आधी रद्दीवर एक ठसा मारून जास्तीची शाई काढायची, मग कार्डावर मारायचा. गुण्या लावून फांदी सरळ रेषेत आणायची. फांदी वाळल्याशिवाय पक्षी नाही, पक्षी वाळल्याशिवाय पानं नाहीत. एका कार्डाला पाऊण तास जातो माझा. आणि ही बया सांगते, "मुद्दाम थोडी शाई पसरू द्या की, मावशी. एखादा ठसा तिरका मारा. जीव येतो त्याने."

— तू काय म्हणालीस?

— काय म्हणणार, दुकानात चार माणसं उभी होती. गप्प बसले आणि रस्ताभर भांडत आले तिच्याशी. मनातल्या मनात.

— ऐकू आलं थोडंसं. जिन्यात.

— चेष्टा नकोय मला. दोनशेची ऑर्डर आहे. पण सगळी तशीच हवीत म्हणे, वेंधळी. म्हणजे मी मुद्दाम चूक करायची आणि लोकांनी म्हणायचं, वा, काय जिवंत काम आहे. ही फसवणूक झाली. तीस वर्षं तुम्ही ऑफिसांचे शिक्के कोरलेत. कुणी कधी सांगितलं होतं, साहेब, आमचा "मंजूर" जरा वाकडा कोरा, जिवंत वाटेल?

— नाही. वाकडा गेला की परत यायचा.

— तेच म्हणतेय मी. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आल्या आल्या मी करून पाहिलं. ते बघा टेबलावर. सहा कार्डं वाया घालवली. हात सरळच जातो माझा. मुद्दाम तिरका धरला तर शिकाऊ माणसाने केल्यासारखं दिसतं, जिवंतबिवंत काही नाही.

— हे तिसरं बरं आहे.

— हे भिकार आहे. तुम्हाला कुठलीच गोष्ट वाईट म्हणता येत नाही. आता हे बघा. हे तिने नमुना म्हणून परत दिलंय. माझ्याच गठ्ठ्यातलं. म्हणते, "हे एकच जमलंय तुम्हाला, सगळी अशी करा." पक्षी तिरका, शेपटी पुसटलेली, आणि पंखाला दोन कडा, हात हलल्यासारख्या. हे माझ्या हातून गेलंच कसं, हेच कळत नाहीये मला. मी एकेक तपासून दिली होती. डोळे गेले की काय माझे?

— डोळे ठीक आहेत तुझे.

— मग?

— चहा घेतेस का?

— अहो, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय विचारताय? इकडे बघा. या गठ्ठ्याला फीत तुम्ही बांधली होती ना?

— फीत मीच बांधतो. तेवढंच दिलंयस मला.

— मग?

— तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस त्या दुपारी. फीत ओढताना कोपराने पेला लवंडला. वरच्या कार्डावर पाणी गेलं. तेवीसच राहिली. तू मोजून ठेवली होतीस, मला माहीत होतं. म्हणून मग... शिक्के टेबलावरच होते.

— तुम्ही केलंत हे?

— डाव्या हाताने उजवं मनगट धरून केलं. तरी शेवटी हललाच. वाटलं, मध्ये घातलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. चूकच झाली. विचारायला हवं होतं तुला.

— आणि भिजलेलं कुठंय?

— शब्दकोशात. वाळलं की सरळ होईल असं वाटलं होतं. शाई उतरली त्याची.

— शब्दकोशात. पंधरा दिवस. आणि मी इथे बसून डोळ्यांना दोष देतेय.

— तू रागावशील म्हणून...

— रागावलेच आहे. मला सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

— सांगितलं असतं तर तू शिक्केही वर ठेवले असतेस. कोरण्या ठेवल्यास तशा.

— बोट कापलं होतं तुमचं. तीन टाके पडले होते. हाताला कापरं आहे आणि म्हणे कोरायचंय. विसरलात?

— नाही. तू बरोबरच होतीस. मी कुठे काही म्हणालो? दोन वर्षांत एकदा तरी मागितल्या का मी?

— तेच तर. मागायचं ना, भांडायचं. फिती बांधत काय बसलात?

— फिती बांधताना टेबलाशी बसायला मिळायचं.

(ती परत आलेलं कार्ड पुन्हा हातात घेते.)

— तू दुकानदारीणबाईंना नाही म्हणून कळव. तुझं काम चांगलं आहे. ते कशाला बिघडवायचं?

— माझं मी बिघडवणार नाहीच. आणि तुमच्या हाताच्या कापऱ्याची नक्कल तर मेले तरी करणार नाही. तिला हवंय म्हणून कुणाच्या आजाराचं सोंग करू? लाज वाटत नाही मागायला.

— तिला कुठे माहीत आहे? आणि सांगूही नकोस. लोक उगाच कीव येऊन विकत घेतील.

— सांगत नाही. शंभर माझी जातील, सरळ, गुण्या लावून. शंभर तुमची. घ्यायची तर दोन्ही घे म्हणावं, नाहीतर राहू दे.

— शंभर? अगं, निम्मी फुकट जातील. माझं काही खरं नाही. एखाद्या दिवशी तर पेनसुद्धा धरवत नाही.

— मग त्या दिवशी फिती बांधा. हे स्टूल धरा जरा.

(ती स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या खणातून पत्र्याचा डबा काढते.)

— तो कशाला? ठसे मारायला कोरण्या नाही लागत.

— त्या पक्ष्याच्या शिक्क्याची चोच झिजलीये. केव्हापासून बघतेय. नवा कोरावा लागेल. आणि बोट कापलं तर मला दाखवायचं. शब्दकोशात ठेवायचं नाही.