फुगलेली बॅटरी आणि वाळूचं घमेलं

माझं अक्षर वाकडं आहे आणि वेलांट्या कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ, हे मला कधी कळलं नाही, तेव्हा कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव मुरुडच्या अलीकडचं, पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि वाटेत ओढा होता, तिथंच माझं शिक्षण थांबलं. लग्न होऊन अहमदपूरला आले. आमचे मालक डाळीच्या कारखान्यात कामाला, मी उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया करून देते. चार माणसांत मला बोलता येत नाही, दुकानात गेले तरी पदराआडूनच दाखवते की हे द्या, ते द्या. मनीषा, माझी लेक, म्हणते आई, तू जशी माझ्याशी बोलतेस तशीच लिही. म्हणून लिहिते. तुम्ही कोण हे मलाही माहीत नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव थंड होणार नाही.

मनीषा नांदेडला कॉम्प्युटर शिकते, तिथंच खोली घेऊन राहते. तिचा पहिला लॅपटॉप जुना होता, माझ्या भाच्याकडून घेतलेला, जाड, पाट्यासारखा. त्यानं तसलाच आणखी एक फुकट दिला, त्याची काच फुटलेली. मला वाटलं भंगार घरात आणलं. पण काय सांगू तुम्हाला, सगळ्यात जास्त कामाला तोच आला. खोलीची मालकीण कडक, म्हणायची बल्ब, पंखा आणि मोबाईल, बाकी काही प्लगात घालायचं नाही, माझं मीटर पळतं. मग मनीषानं डोकं चालवलं. त्या लॅपटॉपची बॅटरी खालून खट्‌ करून निघायची. एक बॅटरी तिच्याकडं, एक आमच्याकडं. फुटका लॅपटॉप स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी, त्याच्यात मी रात्रभर बॅटरी भरायची आणि सकाळच्या एसटीनं डब्यासोबत नांदेडला पाठवायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा आणि रिकामी बॅटरी परत. कंडक्टर चिडवायचे, मावशी, आज भाजी कशाची, वांग्याची का विजेची. मी पदर तोंडाला लावून हसायची. पण पोरीचा अभ्यास अडला नाही, आणि मला रोज वाटायचं की आपणही तिच्या शिक्षणात काहीतरी भरून पाठवतो.

पुढं तो जाड लॅपटॉप बंदच पडला. भाचा म्हणाला, मामी, याचा मदर का काय असतो तो गेला, आता नवाच घ्या. नवा घेतला. खोटं का बोलू, वस्तू छान होती. पातळ, हलकी, वहीसारखी. आधीच्या ओझ्यानं पोरीचे खांदे दुखायचे, ते थांबलं. एकदा कॉलेजात भरला की रात्रीपर्यंत चालायचा. डब्यात नुसता डबाच जायला लागला. मी उलटा करून बघितला, म्हटलं, मनीषा, ह्याची बॅटरी कुठून निघते. ती म्हणाली, निघत नाही आई, आत चिकटवलेली असते, म्हणून तर इतका पातळ आहे. मी म्हटलं, आणि खराब झाली म्हणजे. ती म्हणाली, होईल तेव्हा बघू.

झाली की. तिसऱ्या वर्षाला अर्धा तास चालेना. आता काय पाठवायचं डब्यातून. सगळा लॅपटॉप पाठवावा तर ती अभ्यास कशावर करणार. पहिल्यासारखी एक जोडीची बॅटरी घेऊन ठेवावी तर घालायची कुठं. शेवटी नांदेडातच एका दुकानात तिनं दाखवला. दुकानदार म्हणाला, कंपनीची बॅटरी महिन्यानं येईल आणि दुप्पट पडेल, माझ्याकडं त्याच तोडीचा माल आहे, आज बसवून देतो, सहा महिने गॅरंटी. साडेतीन हजार घेतले. ते साडेतीन हजार म्हणजे माझी त्या हंगामातली पापडाची निम्मी कमाई, उन्हात तापून मिळवलेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मनीषा घरी आली. कॉलेज उघडलं की तिला शेवटच्या वर्षाचं मोठं काम जमा करायचं होतं, ते सगळं त्या लॅपटॉपात. एक दिवस ती आंघोळीला गेलेली, मी बघते तर लॅपटॉपचं झाकण बसत नव्हतं. बोट फिरवायची जी चौकट असते ती वर आलेली, मधोमध फुगवटा. आता माझं डोकं पापडाचं. पापड अर्धे सुकले की वाकडे होऊ नयेत म्हणून आम्ही त्यांची चवड लावतो, वर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवतो, तासाभरात सरळ होतात. मला वाटलं उन्हानं वाकला. ठेवलं ताट, ठेवला वरवंटा.

मनीषा केस पुसत बाहेर आली आणि जागीच थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, आई, हात लावू नको, मागं सरक. हळूच वरवंटा उचलला, लॅपटॉप बंद केला. मग बोलली ती बोलली. आई, बॅटरी फुगलीय, दाबली तर पेटते, घर जळालं असतं. मी म्हटलं, मग काढून टाक की बाहेर. ती म्हणाली, निघत असती तर काढली नसती का.

सांगा आता. विंचू-इंगळी निघाली तर चिमट्यानं धरून टाकता येते. ही वस्तू लेकीच्या तीन वर्षांच्या अभ्यासाला चिकटून बसलेली. टाकावी तर अभ्यास जातो, ठेवावी तर घर जातं. चालू करून काम दुसरीकडं उतरवून घ्यावं तर मनीषा म्हणाली, तापला तर पेटेल. शेजारी शहनाजभाभींचं बांधकाम चालू होतं, त्यांच्याकडून घमेलंभर वाळू आणली, वाळूवर लॅपटॉप ठेवला आणि घमेलं अंगणात, भिंतीच्या सावलीला. दिवसभर एक डोळा पापडावर आणि एक त्याच्यावर.

अहमदपुरात दोन दुकानं फिरलो. दोघं म्हणाले, फुगलेली आम्ही उघडत नाही, ज्यानं बसवली त्याच्याकडं जा. त्याला फोन केला तर म्हणाला, बॅटरी काढून पाठवा, बघतो. मनीषा म्हणाली, काढायला लॅपटॉप उघडावा लागेल. तो म्हणाला, बाहेर उघडला तर गॅरंटी संपली. मग म्हणाला, वजनबिजन ठेवलं होतं का वर. मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी तिला म्हटलं, सांग त्याला, फुगल्यावर ठेवलं, फुगायच्या आधी नाही. त्यानं फोनच ठेवला.

नांदेडला न्यायचा तरी कसा. एसटी स्टँडवर गेले तर तेच कंडक्टर, घमेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, मावशी, तुमच्या बॅटऱ्या मी वर्षभर वाहिल्या, पण ही नको, गाडीत पन्नास माणसं हायत. त्यांचं बरोबरच होतं. शेवटी शहनाजभाभी म्हणाल्या, आमचा टेम्पो परवा गाद्यांचा कापूस आणायला नांदेडला रिकामाच चाललाय, चल, मैं भी आती, तुझ्यानं तिथं तोंड उघडणार हाय का. मागं मोकळ्या हौद्यात घमेलं ठेवलं. मनीषा आणि भाभी पुढं बसल्या, मी हट्टानं मागं बसले. वाटेतल्या लोहा गावापर्यंत ऊन डोक्यावर आणि नजर घमेल्यावर. देवाला सारखं म्हणत होते, माझ्या लेकीचं काम तेवढं राहू दे.

दुकानात गेलो. भाभी दहा मिनिटं बोलल्या, मनीषानं पावती दाखवली. दुकानदार एकच म्हणून राहिला, बाई, वजन ठेवलं, मी काय करू. मी घमेलं दुकानाच्या दारात ठेवलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. बस.

गिऱ्हाईक आलं की वाळूत लॅपटॉप बघून थांबायचं. म्हणायचं, मावशी, हे काय. मी खाली बघून सांगायची, फुगलेली बॅटरी हाय, पेटते म्हणतात, ह्याच दुकानात बसवली. एवढंच. जास्त मला येतच नाही. गिऱ्हाईक वाळूकडं बघायचं, आत बघायचं आणि पुढं निघून जायचं. एक जण आपला लॅपटॉप काउंटरवरून उचलून परत घेऊन गेला. दुकानदार बाहेर आला, मावशी, आत येऊन बसा ना. मी म्हटलं, नको, हे सोडून कसं येऊ.

मग त्यानं स्वतः हातमोजे घातले. बारीक बारीक स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीनं डिंक हळूहळू सोडवला. बॅटरी निघाली ती उशीसारखी. ती वाळूत पुरली. लॅपटॉप वायर लावून चालू केला, मनीषानं आपलं काम उघडून बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. तिनं माझा हात धरला. मी मनात म्हटलं, एवढं खट्‌ करून निघायचं ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं. बोटभर जाड झाला असता.

दुकानदार म्हणाला, दुसरी बसवून देतो. मनीषा म्हणाली, नको, आता कंपनीचीच घेऊ, पैसे द्या. त्यानं तीन हजार मोजले आणि म्हणाला, पाचशे बसवायची मजुरी. भाभी उसळल्या. मी पुन्हा जाऊन घमेल्याशेजारी पायरीवर बसले.

त्यानं कपाळाला हात लावला, गल्ल्यातून पाचशेची नोट काढली आणि दारात येऊन माझ्या हातावर ठेवली. पुरे साडेतीन हजार. मी पदराच्या टोकात गाठ मारली, त्याला म्हटलं, दादा, दुकान चालू दे तुझं, आणि बॅटरी वाळूसकट त्याच्या बादलीत हळूच ओतून घमेलं उचललं, ते भाभींचं होतं.