बंदूक आणायची कशी?

हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला आलेली शिक्षिका पोलीस चौकीच्या बाकावर जरा सरकून बसली. शेजारी बसलेल्या, बँकेत पहारा करणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज चांगलाच चढला होता. त्याची रिकामी बंदूक हवालदाराच्या टेबलावर आडवी पडली होती.

“अटक? अहो हवालदारसाहेब, निवडणूक आहे, बंदूक जमा करा, अशी नोटीस तुम्हीच धाडलीत ना?”

“धाडली. पण भर रस्त्यातून खांद्याला लावून मिरवत आणा, असं लिहिलं होतं का तिच्यात?”

“मिरवत? गेल्या खेपेला चादरीत गुंडाळून आणली, तर लपवून नेतोस म्हणून दिवसभर याच बाकावर बसवलंत मला!”

“लोक घाबरतात, काका.”

“वीस वर्षं हीच घेऊन बँकेच्या दारात उभा आहे. तुम्हीही येता की तिथे पगार काढायला. तेव्हा घाबरलात?”

“आवाज खाली.”

“झाकली तरी मी चोर, उघडी ठेवली तरी मीच चोर! मग आणायची कशी, तेवढं तरी सांगा!”

“ते मोठ्या साहेबांना विचारा. रस्त्यापलीकडच्या कचेरीत बसतात. चला, उठा.”

“आणि ही?”

“घ्या तुम्हीच. परवाना तुमच्या नावावर आहे, मी कशाला हात लावू?”

म्हाताऱ्यानं दाराबाहेरच्या गजबजलेल्या रस्त्याकडे पाहिलं.

“झाकून नेऊ, की उघडी?”

हवालदारानं बंदुकीची लांबी नजरेनं मोजली. मग टेबलावरचं वर्तमानपत्र त्याच्याकडे सरकवलं.

“अर्धी झाका.”