चाळीस शब्दांच्या आतला पांडू

...तर चाळीस शब्दांच्या वर गेलं की आत सरकवायचं, असा नियम आहे म्हणे! कोणी केला ते मला विचारू नका, मी चौथी पास, पलटणीतून हवालदार होऊन उतरलो, आता द्वारकेत नातीकडे असतो... नात म्हणजे उल्का, जवानांच्या आठवणींवर मराठीत पीएचडी करते. म्हणाली, आजोबा, एकाहत्तरचं सांगा ना.

पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सांगितलं. नाल्यात छातीपर्यंत पाणी, समोरून मशीनगन, आणि शेजारी आमचा पांडू, पोट फाटलेलं, आतडी हातात, आणि मला काय म्हणतोय? "खंड्या, हे जरा धर, रायफल भिजतीय." धरलं हो! तो गेला, मग मी वर चढून समोरच्याला संगिनीनं भोसकलं, तो मेला तरी भोसकतच राहिलो, सुभेदारानं मानगूट धरून ओढलं तेव्हा थांबलो...

उल्कानं ते आपल्या लेखात टाइप करून दाखवलं. बघतो तर बाकीचा मजकूर कडेला सरळ रांगेत, आणि मी न् पांडू आत ढकललेले, बारीक अक्षरात, अवतरणचिन्हंसुद्धा काढून घेतलेली! पलटणीत रांगेतून कुणाला काढतात, फीत कुणाची उतरवतात? म्हटलं, पोरी, आमचं चुकलं काय? ती घाईत होती, म्हणाली, लेखात कुणाचं बोलणं जसंच्या तसं दिलं आणि ते चाळीस शब्दांच्या वर गेलं की आत सरकवायचं, बस.

मग मी काय करणार? पेन्सिल घेऊन कापत सुटलो. मशीनगन कापली, संगीन कापली, सुभेदाराला उडवलं. आतडी मात्र दोनदा खोडून परत लिहिली, तिसऱ्यांदा कापली... नाल्यात एका हाकेत धरली होती. मोजून एकोणचाळीस शब्द ठेवले, म्हटलं, आता घे आम्हाला रांगेत. "पक्कं ना, आजोबा?" म्हणाली, आणि जिथं जिथं कापलं तिथं टिंबं ठेवून लेख छापायला पाठवून दिला.

छापून आल्यावर तिच्या पीएचडीच्या मॅडम घरी चहाला आल्या. म्हणाल्या, "काका, का कापलंत? आत घेतो ते वाचणाऱ्यानं तिथं थांबावं म्हणून. तो मान असतो."

मान! हे आधी सांगायला काय झालं होतं, यार? पण छापलेलं थोडंच उलटं फिरतं... चाळीस शब्दांच्या वर गेलं की आत सरकवायचं, आणि मी त्याला ओढून बाहेर आणला.

आता पांडू रांगेत उभा आहे, ताठ, कपडे कोरडे... आणि मी जे हातात धरलं होतं, तिथं तीन टिंबं.