आला की, पान बाविसावर!

न्हाई, पण मी काय म्हणतो, एखाद्याचं तोंड पुस्तकात काढायचं तर खुशाल काढा, पण त्यानं नंतर ते तोंड घेऊन हिंडायचं कसं, ह्याचा कुणी इचार करतं का? बेल्ह्याच्या बैलबाजारात पाय ठेवला, की चहावाल्यापास्नं सगळ्यांचं सुरू, 'काय सयाजीराव, सुदर्शन आला का?' मी म्हणतो, 'आला की! पान बाविसावर!' हसत्यात. मी बी हसतो… काय करता?

तुमाला सांगतो, ही सगळी करामत कशिशची. जुन्नरचे रहमतुल्लाभाई न्हाईत का, पाट्या रंगवणारे? त्यांची लेक. पुण्यात चित्रकला शिकली आन् काम मिळालं चित्रांच्या पुस्तकांचं. बायबलातल्या गोष्टी, पण आजच्या काळात! पहिल्या भागात तो दावीद गोफण घेऊन मेंढरांम्होरं उभा, आन् समोरनं तो राक्षसासारखा गल्याथ येतोय… जेसीबीवर बसून! मी तर दोनदा वाचलं. मग दुसऱ्या भागाच्या येळंला ती डिंगोऱ्याला माझ्या दारात. 'काका, मला बाप पायजे.' म्हणलं, 'अगं, रहमतुल्लाभाई काय वाईट हायेत?' तर म्हणती, 'अब्बांचं तोंड हसरं हाय, काका. मला वाट बघणारं पायजे.'

आता बघा! एवढ्या गावात वाट बघणारं तोंड माझंच सापडलं?

गोष्ट अशी, की धाकटं पोरगं घर सोडून जातं, वाया जातं, आन् एक दिस परत येतं. बाप लांबनंच बघतो आन् पळत सुटतो. माझं बी पोरगं, सुदर्शन, गेलंय, दोन वरसं झाली, चाकणला कंपनीत हाय, फोन उचलत न्हाई. पण त्या गोष्टीत चूक पोराची व्हती. आमच्यात चूक माझी, हे कुणाला सांगायचं?

सर्जा… शर्यतीचा बैल आमचा. सुदर्शननं वासरापास्नं वाढवलेला, दूध-अंडी चारून. पण एकदा शर्यतीत पोरगंच बैलाखाली आलं, तीन बरगड्या मोडल्या, त्याची आई साळुबाई पंधरा दिस धड जेवली न्हाई. मी ठरवलं, बैल नको घरात. पोराला म्हणलं, 'चल बेल्ह्याला, सर्जाला जोडीदार बघू.' खूश होऊन आलं राव! आन् बैलाचा सौदा तोंडानं व्हत न्हाई, तुमाला म्हाईत हाय, हातावर टॉवेल टाकायचा आन् आतल्या आत बोटं दाबायची. पोरगं शेजारी सर्जाचा कासरा धरून उभं, 'बाबा, ह्यातला कोणता घेताय?' इचारतंय, आन् मी टॉवेलाखाली त्याचाच बैल इकला! व्यापाऱ्यानं पोराच्या हातातला कासरा घेतला, तवा त्याला कळलं. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. तसंच बाजारातनं एका टेम्पोत बसून गेलं, घरी आलंच न्हाई.

तर कशिश आधी फोटो काढती, मग चित्र. आमच्या फाट्यावर मला पळवलं, पाच येळा! पोराच्या जागी तिचा भाऊ तालिब, पाठीला सॅक. 'काका, हात पसरा! काका, चप्पल सुटली तर सुटू द्या!' पाचव्या खेपंला मी तालिबला मिठी मारली… कशिश म्हणती, 'काका, झाला फोटो.' तालिब म्हणतो, 'काका, सोडा आता.' मला सुटंचना. त्याच्या शर्टाला तसलाच वास, घामाचा आन् पेट्रोलचा. मग ते बी पोरगं गुमान उभं ऱ्हायलं.

शेवटी म्हणं बाप वासरू कापून गावजेवण घालतो. म्हणलं, 'कशिश, कापाकापी नको, दावणीला सर्जा काढ.' काढला तिनं, हुबेहूब, डावं शिंग वाकडं! म्हणलं, 'आन् ते पोरगं बापाची माफी मागतंय ना, ते उलटं कर. बापाला मागू दे.' तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणती, 'काका, तेवढं मला बदलता यायचं न्हाई.'

पुस्तक आलं. पान बाविसावर आमी तिघं, मी, पोरगं आन् सर्जा! फोटो काढून सुदर्शनला धाडला. आन् तुमाला सांगतो, दोन वरसांनी उत्तर आलं! साळुबाई पिठाच्या हातानंच पळत आली, मी चष्मा चढवला, वाचलं, 'सर्जा खरंच आणलाय?'

एवढंच.

मी लिहिलं, 'आणलाय.' पोरगं आलं असतं हो! त्याच रातच्याला आलं असतं. पण बोट बटणावर नेलं आन् थबकलो… ह्याच बोटांनी एकदा फसवलंय त्याला. पुसलं. मग खरं लिहिलं, 'न्हाई रे. बाजारोबाजार हुडकतोय. अजून पान बाविसावरच हाय.' बघितलं त्यानं, निळ्या खुणा आल्या.

तवापास्नं ऊन उतरलं की मी फाट्यावर जाऊन उभा ऱ्हातो. काम काय न्हाई, उगाच. एसटी थांबती, माणसं उतरत्यात, एसटी जाती. परवा कंडक्टरनं दारातनं इचारलं, 'काय सयाजीराव, अजून फोटो चाललेत का?'

म्हणलं, 'व्हय राव. मी तयारच हाय… पोरगं तेवढं यायचं ऱ्हायलंय.'