सहाच्या आत

(पनवेलजवळ, नेरे गावाच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेचं फाटक. मतदानाचा दिवस. सहा वाजायला बारा मिनिटं आहेत.)

काशिराम : आता बास झालं, वयनी. ह्या बायांना घे नि मागं फिर. वाडीनं ठरवलंय, रस्ता नाय तर मत नाय.

शकू : वाडीनं कुटं ठरवलं, भावजी? तुमी सात बाप्ये पारावर बसलात, तुमी ठरवलंत. आमी तवा भट्टीवर इटा पाडत व्हतो.

काशिराम : मी दीर म्हनून बोलत नाय. वाडीचा म्हातारा म्हनून सांगतो.

शकू : सांगा. रांगेत उभी राहून ऐकते. सरक गं सुमती, पुढं सरक.

चारुता : शकूताई, किती जणी आहात?

शकू : एकोनीस, बाई. भट्टीवरनं सुटलो तशा आलो. तोंडं बी धुतली नाय. चालंल ना?

चारुता : न चालायला काय झालं? फक्त कार्डं काढून हातात ठेवा.

काशिराम : ह्या बाईनंच फूस लावली तुमाला.

चारुता : दादा, मी शाळेतली शिक्षिका. इलेक्शनची ड्युटी लागली म्हणून मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला तीनदा तुमच्या वाडीवर चढून आले. तिन्ही वेळा तुम्ही मला पाणीसुद्धा विचारलं नाहीत.

काशिराम : पानी आमच्या बाया खालनं डोक्यावर आनतात. तुमाला कुटनं देऊ?

चारुता : ...तेही खरंच आहे.

काशिराम : मग? वीस वर्सं मतं दिली आमी. दर टायमाला हात जोडत आले, रस्ता करतो म्हनले. दिपाच्या येळेला कुटं व्हता रस्ता?

शकू : दिपाचं नाव हितं काडू नका, भावजी.

काशिराम : काडनार! बाई, दिपा म्हंजे हिची सून. भर पावसात कळा आल्या. झोळीत घालून आमी चौघं उतरलो. पुढचा दांडा माज्या खांद्यावर. ओढ्याशी आलो नि मागनं तिचा आवाजच बंद झाला. गाडीपातूर पोचलोच नाय. ती बी गेली, पोर बी गेलं. त्याच दिशी ठरवलं, ह्यांच्या मशीनीला हात लावनार नाय.

शकू : मला सांगताय? मी झोळीच्या मागं चालत व्हते. तिचं दिवसकार्य झालं नि मी पनवेलला गेले, एकटी. रस्त्याचा अर्ज घेऊन एका पुढाऱ्याच्या हापिसात. तितला मानूस काय बोलला, ठावं हाय?

काशिराम : तू कदी गेलीस? बोलली नायस.

शकू : बोलला, मावशी, मागच्या टायमाला तुमच्या वाडीतनं नऊच मतं पडली, बाकी कोन खाली उतरलंच नाय. नऊ मतांसाटी कोन डोंगर फोडंल?

काशिराम : असं तोंडावर बोलला?

शकू : हसून. तुमाला वाटतं तुमी रुसलात की ते घाबरतात. ते खूश व्हतात, भावजी. येक वाडी कमी चढावी लागते.

चारुता : नवीन पनवेलला माझ्या बिल्डिंगमध्ये ऐंशी फ्लॅट आहेत. सुट्टी मिळाली म्हणून निम्म्या गाड्या सकाळीच फार्महाऊसला गेल्या. लिफ्टमध्ये शेजारी म्हणतात, आपल्या एका मतानं काय फरक पडतो? पण त्यांच्या दारापर्यंत डांबर आहे. त्यांना परवडतं.

शकू : आमाला नाय परवडत.

काशिराम : पन द्यायचं कुनाला? सगळे येकाच माळेचे मणी.

चारुता : ते मी सांगायचं नसतं. पण कोणीच नको असेल, तर तेही सांगता येतं. सगळ्यात खालचं बटण, 'यांपैकी कोणीही नाही'.

काशिराम : आनि ते मोजतात?

चारुता : मोजतात. त्यानं कोणी पडत नाही, खोटं कशाला सांगू? पण वाडीतून माणूस आलं होतं, एवढं कागदावर येतं. घरी बसून रागावलेल्याचा राग कुठंच लिहीत नाहीत. अहो हवालदार, फाटक लोटू नका! अजून चार मिनिटं आहेत.

शकू : बाई, फाटक लावलं तर?

चारुता : लावू देत. सहाला जो रांगेत असतो त्याचं मतदान होतंच, आठ वाजले तरी. हवालदार, आतल्या साहेबांना सांगा, नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन या. शेवटच्या माणसापासून वाटत पुढं जायचं.

शकू : भावजी, येक तर रांगेत या, नायतर फाटकाच्या भायेर व्हा. वाटेत मदी उभं राहू नका.

काशिराम : माजं कार्ड घरी हाय.

चारुता : आधार आहे का जवळ?

काशिराम : ते खिशातच असतंय. त्याबिगर आमाला हितं वळखतंय कोन?

चारुता : चालतं. यादीत नाव आहे तुमचं, मी स्वतः बघितलंय. सुमतीच्या मागं उभे राहा. लवकर!

काशिराम : उभा राहिलो म्हंजे मी इसरलो नाय, वयनी.

शकू : कुनी इसरायला सांगितलंय?

(पाऊण तासानं, त्याच फाटकाशी.)

चारुता : झालं सगळ्यांचं? पावणेसात वाजले. दादा, शाई नीट लागली ना?

काशिराम : लागली. कुनाला दिलं ते इचारू नका.

चारुता : विचारायचंच नसतं.

काशिराम : मग बेस. बॅटरी कुनाकडं हाय? आना. मी पुढं चालतो, अंदार पडलाय.

शकू : तुमी व्हा पुढं. बाई, येक इचारायचं राहिलं. ग्रामपंचायतीचं कदी हाय?

चारुता : अजून जाहीर नाही झालं. झालं की मी चिठ्ठ्या घेऊन वर येईनच.

शकू : चिठ्ठ्या मागनं आना. आदी सांगा, उभं राहायला कागद काय काय लागतात?