मोडलेल्या जोडीची भिशी

...आणि वर भिशीवाल्या अरुणावैनी म्हणत्यात कशा, ‘वृषभभाऊ, पैसं तुमचंच हाईत, पण एकट्याच्या हातात द्यायचा नियम न्हाय.’ आता ह्याला काय म्हणायचं? माझ्याच गल्ल्यातनं गेल्यालं पैसं, आणि मलाच द्यायला नियम न्हाय!

तुम्हाला सांगतो पावणं, माझं हार्डवेअरचं दुकान हाय, कसबा बावड्यात. लगीन मोडलं, कोर्टाचा कागद हातात आला, फ्लॅट सासऱ्याच्या नावावर, म्हणून मी भाईर. घरचा समदा हिशेब बायको, प्रियदर्शनी, बघायची. विम्याचा हप्ता कुठल्या खात्यातनं जातोय, मला काय ठावं? मी नुसता गल्ला आणून द्यायचो. भाईर पडलो तवा कळलं, आपल्याजवळ काय हाय... तर दुकानावरचं कर्ज आणि जोडीची भिशी. आणि झोपतोय कुठं? दुकानात, पायपांच्या मधी, कमोडच्या शेजारी. सकाळी गिऱ्हाईक येतंय आन् माझ्या उशीकडं बोट दाखवून इचारतंय, ‘हे केवढ्याला?’

जोडीची भिशी म्हंजे, गल्लीतली जोडपी म्हैन्याला पैसं जमवत्यात, चिठ्ठी काढत्यात, नाव निघंल त्या जोडीला समदी रक्कम. पण दोघांनी शेजारी बसून घ्यायची, फोटो काढून. का? तर मागं एक नवरा एकटाच रक्कम घेऊन गेला, ती बायकोला दिसलीच न्हाय. तवापासनं भिशी चालवणाऱ्या अरुणावैनींचा हा कायदा. अहो, कोर्टात लगीन मोडतंय, भिशी मोडत न्हाय!

आणि नेमकी औंदा आमची चिठ्ठी निघाली. तिकडं मी भाड्यानं खोली बघितलेली, तिच्या मालकीण बाळाबाई डिपॉझिटसाठी अडून बसलेल्या. एकट्या माणसाला खोली कोण देतंय वो? ह्यांस्नीच माझी दया आलती. पण म्हणाल्या, ‘आयतवारी दिवं लागायच्या आत पैसं आणा, न्हायतर दुसऱ्याला देतो.’

मग केला की फोन. ‘प्रियदर्शनी, आयतवारी तासभर बायको हुतीस का?’ म्हणाली, ‘येतो की मी. पण निम्मं माझं.’ म्हटलं, भरलं कुणी? ‘आणि साठवायची अक्कल कुणाची हुती?’ म्हटलं, ये, निम्मं तुझं.

बसलो शेजारी. अरुणावैनी म्हणत्यात, ‘जवळ सरका की, फोटोत मधी भिंत दिसतीया.’ सरकलो. प्रियदर्शनीनं माझी कॉलर बघितली, ‘सिमेंट लागलंय,’ म्हणाली आणि झटकली... सवयीनं वो. खरं सांगतो, लई वाईट वाटलं. मग दोघं बी मोबाइलकडं बघून हसलो, फोटोला.

निम्मं तिला दिलं. राहिलं ते बरोबर डिपॉझिटाएवढं. उठलो, तर अरुणावैनी म्हणाल्या, ‘आणि जेवण?’ भिशी ज्याची, त्यानं समद्यांस्नी जेवाय घालायचं. आम्ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणार, म्हंजे लगीच. आचारी आधीच बोलवल्याला. मी प्रियदर्शनीकडं बघितलं. ‘जेवण नवऱ्यानं घालायचं असतंय,’ म्हणाली, आणि बासुंदीची वाटी पुढं केली. कोर्टात लगीन मोडतंय वो, भिशी मोडत न्हाय...

आचाऱ्याला देऊन उरलेलं पैसं घेऊन पळत सुटलो बाळाबाईंकडं. म्हटलं, थोडं कमी हाईत, म्हैन्यानं देतो. बाई पैशाकडं बघीनात. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. अरुणावैनींनी फोटो गावभर पाठवल्याला! ‘बायकोसंगं हसत बसलाय की. आणि मला सुटलोय म्हणून सांगितलंसा? मोडल्याला माणूस म्हणून खोली देणार हुतो. जावा घरला, नांदा.’ म्हटलं, बाई, हे हसू भिशीचं हाय... ऐकून घेतील तर शपथ. दार लावलं.

माघारी आलो तर पंगत उठलेली, आणि वैनी नव्या भिशीची नावं लिवत बसलेल्या. म्हटलं, माझं एकट्याचं लिवा. ‘नियम न्हाय.’ तवर प्रियदर्शनी म्हणाली, ‘लिवा जोडीत. ह्यांच्या हातात पैसा टिकत न्हाय, आणि मला बी एकटीला कुठली भिशी घेत न्हाय.’

काय करणार? हातात डिपॉझिटाचं पैसं हुतंच, त्यातनंच भरला पहिला हप्ता. आता दुकानातच झोपतोय... पण बचत मात्र जोडीनं चाललीया.