पॅरिसचा रोल

हसू नका, पण दादा गेल्यावर मी त्याच्यावरच संशय घेतला होता.

पॅरिसहून परत आला आणि पंधराच दिवसांत हायवेवर त्याचा अपघात झाला. कॅमेऱ्यातला रोल तसाच राहिला होता, तो मी जुईनगरच्या स्टुडिओत धुवायला दिला. पॅरिसला जाताना दादा मला म्हणाला होता, "दोघांचं भाडं झेपणार नाही, एकटाच जातो." पाठीवर सॅक, एका खोलीत दहाजण झोपायचे, जेवायला पाव आणि आईनं दिलेलं लोणचं. आणि बघतो तर प्रत्येक फोटोत हा स्वतः उभा!

मी स्टुडिओवाल्या काकांवरच ओरडलो, "मग हे काढले कोणी? खोटं बोलला तो. मला सोडून दुसऱ्या कोणाला तरी नेलं!"

काकांनी सगळे फोटो काउंटरवर मांडले. "नीट बघ रे येड्या. इथं डोकं अर्धंच आलंय, इथं पाय नाहीत, इथं मधेच बोट. हा एका माणसाचा हात नाही. रस्त्यात दिसेल त्याच्या हातात कॅमेरा देत होता तुझा भाऊ."

संशय गेला, पण राग दुप्पट झाला. तिथंच रडत मी म्हणालो, "परक्यांना दिला, काका. मला कधी हात लावू दिला नाही."